जहाजांच्या पुस्तकाचं पारायण

९ फेब्रुवारी

लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली होती, जाऊन आले. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण इंग्रजी वाचतच नाही. वाचायला उभी केली की घसा खाकरते, इकडेतिकडे बघते आणि खाली बसते.

एरवी सोडून दिलं असतं. पण लेकीला प्रयोगशाळेच्या कोर्सला जायचंय आणि तिथली सगळी पुस्तकं इंग्रजी. अर्ज करण्याआधी वाचनाची परीक्षा, १२ एप्रिलला. कधी न पाहिलेलं एक पान वाचायचं, त्यात काय लिहिलंय ते सांगायचं, मग आपण वाचलेल्या कुठल्याही एका पुस्तकावर दोन मिनिटं बोलायचं. नापास झालं तर अर्ज घेत नाहीत.

लेकीला दुसरं काही व्हायचंच नाही. मागे माझं रक्त तपासायला गेलो होतो, तेव्हा तिथल्या बाईने तिला माझ्या रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला. पंधरा वर्षं आईच्या मनात काय आहे ते हिला दिसलं नाही, पण रक्तात काय आहे ते अजून सगळ्यांना सांगत असते.

बाई म्हणाल्या, तिला आवडेल ते वाचू द्या, मागे लागू नका. बाई नव्या आहेत. शिकतील हळूहळू.

मी मॅट्रिक आहे. इंग्रजीत एक्केचाळीस. त्या काळचे एक्केचाळीस म्हणजे आताचे ऐंशी. हे काम मी हातात घेतलं आहे.

१० फेब्रुवारी

वाचनालयात गेले. ग्रंथपालांना म्हटलं, पंधरा वर्षांच्या मुलीसाठी इंग्रजी पुस्तक द्या. त्यांनी तीन बारकी पुस्तकं पुढे केली. एकाच्या वेष्टनावर एक मुलगी, तिचे दोन दात हनुवटीपर्यंत आलेले. मी म्हटलं, ही दोन दिवसांत संपतील, मग पुन्हा कोण येणार पायपीट करत?

कपाटातलं सर्वांत जाड पुस्तक काढलं. जहाजबांधणीचा इतिहास. कापडी बांधणी, ६१२ पानं. ग्रंथपाल म्हणाले, एकोणीस वर्षांत हे कोणी नेलेलं नाही. म्हणजे हाताळलेलं नाही. पिशवीत घातलं.

येताना खांदा दुखला. विद्येला वजन असतंच.

११ फेब्रुवारी

पद्धत ठरवली. बावीस वर्षं पोथी वाचते आहे, पद्धत बाहेरून आणायची गरज नाही. अंघोळ करून बसायचं. ठरलेली वेळ, ठरलेली पानं. मोठ्याने वाचायचं, मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. अर्थाच्या मागे लागायचं नाही, अर्थ आपल्या मागे येतो. मला पोथीतलं बरंचसं अजून कळलेलं नाही, पण अडलंय का काही?

रोज सकाळी सात ते आठ. रोज अकरा पानं. ८ एप्रिलला समाप्ती. तीन दिवस हाताशी राहतात.

लेकीला सांगितलं. तिने विचारलं, आणि मला नाही आवडलं तर? मी म्हटलं, पोथीला कोणी असं विचारतं का?

१२ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. अकरा पानं, पासष्ट मिनिटं. जांभया चार, पैकी एक माझी.

चौथ्या पानावर लेकीने एका शब्दाचा अर्थ विचारला. खुणेनेच गप्प केलं. अर्थ मलाही माहीत नव्हता, पण तो मुद्दा नाही.

हे आरशासमोर दाढी करत होते. म्हणाले, जहाज कुठवर आलं? मी बोट ओठांवर ठेवलं. त्यांना नियम लागू नाहीत, पण सवय लागलेली बरी.

१५ फेब्रुवारी

आज डोळे मिटून ऐकलं. एकाग्रता वाढते. लेक म्हणते मी घोरत होते. तिला म्हटलं, जप चालला होता.

सकाळचं सगळंच मागे पडतंय. आठनंतर भाजी चिरायला घेते तेव्हाच पाठ भरून आलेली असते. पण मुलांसाठी करायचं म्हटलं की थकून चालत नाही. थकते, ते वेगळं.

१९ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, ताई, तुमचं इंग्रजी ऐकू येतं हो वर. माझीलाही बसवता का? तिलाही तीच परीक्षा द्यायचीय. त्यांची मुलगी लेकीच्याच वर्गात आहे. सगळे तिला बॉबिन म्हणतात, कारण शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी एका जागी फिरत राहते आणि बोलणं संपत नाही.

कीर्ती पसरते आहे. आजपासून दोघी. एक पान हिने, एक तिने.

२० फेब्रुवारी

एक वाचत असताना दुसरी झोपते.

२२ फेब्रुवारी

आज एका शब्दावर दोघी हसायला लागल्या. काय झालं विचारलं तर लेक म्हणाली, काही नाही, डोलकाठी. त्यात हसण्यासारखं काय आहे? दोन मिनिटं थांबल्या, एकमेकींकडे बघितलं, पुन्हा सुरू. पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. पोथी अशीच शुद्ध राहते.

२३ फेब्रुवारी

बॉबिन आली नाही. शिंपीणबाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, गिऱ्हाइकांची घाई आहे ताई, काजं करायला बसवलंय तिला. आणि हसल्या. गरिबाच्या घरी मुलींच्या शिक्षणाकडे असंच दुर्लक्ष होतं.

२४ फेब्रुवारी

लेकीचा आवाज बसला. सात वाजता कुजबुजसुद्धा निघेना. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, देवाला हात जोडले. आठ वाजून पाच मिनिटांनी आवाज आला. त्याची कृपा.

आजची अकरा पानं उद्याच्या अकरात मिळवली.

३ मार्च

आनंदाची गोष्ट.

झंपर सैल करायला टाकायचा म्हणून वर गेले. जिन्यातच हसण्याचा आवाज. दार उघडंच होतं. शिंपीणबाईंचं कापड बेतायचं मोठं टेबल आहे, त्याच्याखाली लेक आणि बॉबिन चिंध्यांवर पालथ्या पडलेल्या. मध्ये पुस्तक. तेच, लांब दातांच्या मुलीचं. बॉबिनने वाचनालयातून आणलं होतं. लेक इंग्रजी वाचत होती. मनातल्या मनात, ओठही न हलवता. मधेच इतकी हसली की टेबलाला डोकं आपटलं. डोकं चोळत पुढचं पान उलटलं.

मी आत जाणार तोच शिंपीणबाईंनी मशीन न थांबवता कात्री माझ्याकडे रोखली. गप्प राहा अशी खूण होती ती. परत फिरले. झंपर हातातच राहिला.

संध्याकाळी शिंपीणबाईच खाली आल्या. गोष्ट सांगत बसल्या. रक्त पिणाऱ्या घराण्यातली एक मुलगी रक्तपेढीत नोकरीला लागते आणि रक्त बघितलं की तिलाच चक्कर येते. शिंपीणबाई चौथी नापास, इंग्रजीचा गंध नाही, पण मुलींनी सांगितलेली सगळी गोष्ट तोंडपाठ. मला विचारतात, ताई, तिला पक्की करतील का हो नोकरीवर?

हे म्हणाले, झालं की मग तुझं काम. मी म्हटलं, वीस दिवस जहाज वाचलं म्हणून तर मुलगी आपण होऊन वाचायला लागली. मुळाशी पाणी मी घातलं आहे. आता फळ धरलंय म्हटल्यावर राखण नको का?

४ मार्च

लांब दातांचं पुस्तक खाली आणवलं. वेष्टनावर रक्ताचा ओघळ होता म्हणून खाकी कागद लावला. यापुढे सात ते साडेसात जहाज, साडेसात ते आठ हे. दोन्ही मोठ्याने.

लेक म्हणाली, आई, मी चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे. मी म्हटलं, आरंभ आरंभापासूनच होतो. ती म्हणाली, पण मला पुढे काय होतं ते बघायचंय. मी म्हटलं, पुढचं कुठे पळून जात नाही.

अवघड शब्दांची यादी काढायला सांगितली. प्रत्येक शब्द पंचवीस वेळा. वही कोरी नको, शाळेच्या जुन्या सूचनापत्रांच्या मागच्या बाजू आहेत.

७ मार्च

काहीतरी चुकतंय असं नाही, पण लेक लांब दातांचं पुस्तकही जहाजासारखंच वाचते. तोच सूर. टेबलाला डोकं आपटलं होतं ते पान आज येऊन गेलं, मला कळलंही नाही. नंतर सांगितलं. तिला म्हटलं, हसायचं असेल तर हस हो, अर्धा मिनिट चालेल. म्हणाली, नको.

गांभीर्य आलं आहे.

९ मार्च

ह्यांनी विचारलं, तुम्ही दोघी आजारी आहात का? सकाळी घरात कोणीतरी गेल्यासारखं वाटतं.

१२ मार्च

लेकीने लांब दातांचं पुस्तक खाकी कागदासकट बॉबिनला परत केलं. चौपन्न पानं झाली होती. विचारलं तर म्हणाली, नको आता ते. शेवट काय झाला? म्हणाली, माहीत नाही.

पोट भरलं असणार. जेवण झालेल्याला पानावर बसवून ठेवू नये. उद्यापासून पूर्ण तास जहाज.

शिंपीणबाई जिन्यात मला बघून तशाच वर निघून गेल्या. झंपर अजून व्हायचाय, त्याची लाज वाटत असेल.

१६ मार्च

परीक्षेतल्या दोन मिनिटांच्या भाषणाची तयारी. जहाजांवर बोलायचं हे उघडच आहे. मॅट्रिकला मला गाईवरचा निबंध पाठ होता, अजून आहे. तोच घेतला आणि गाईच्या जागी जहाज घातलं. शेपूट आणि चारा काढला. चार पाय काढताना वाक्य मोडत होतं, तिथे चार शिडं घातली. जहाज हा अत्यंत उपयोगी आणि गरीब प्राणी आहे, यातला प्राणी तेवढा लेकीने खोडला. बाकी उत्तम साधलं.

लेक म्हणाली, मी त्या रक्तपेढीवालीवर बोलले असते. मी म्हटलं, परीक्षकांसमोर रक्त, दात असलं बोलतात का? माणसं काय म्हणतील? ती म्हणाली, बाई म्हणाल्या होत्या, आवडलेल्या पुस्तकावर बोला. मी म्हटलं, आवड मागाहून येते. माझं लग्न झालं तेव्हा मला तरी कुठे काय आवडत होतं?

हे आत होते. ऐकलं असावं. चहा घेतला नाही.

१७ मार्च

लेक वाद घालत नाही. सांगितलं की बसते, सांगितलं की वाचते. अंघोळ आपण होऊन करते. अशी मुलगी कुणाला मिळते?

घर फार शांत वाटतं.

२५ मार्च

आज दाढी करता करता हे म्हणाले, हे काल वाचलं होतं. मी दुर्लक्ष केलं. म्हणाले, परवाही हेच होतं. त्या ओक नावाच्या लाकडाचं. मला पाठ झालं आता.

तपासलं. खुणेची दोरी मी रोज संध्याकाळी पुस्तक पुसताना काढून पुन्हा घालते. गेले पाच दिवस ती एकाच जागी घातली गेली होती. लेकीने पाच दिवस तीच अकरा पानं वाचली.

मला वाटलं मुद्दाम करते. रागावले. लेक म्हणाली, नाही आई, खरंच नाही कळलं मला. आणि तिचा चेहरा बघून कळलं की खरं बोलते आहे. मी शेजारीच बसले होते. मलाही कळलं नव्हतं.

दिवसभर हात चालेना. मग आठवलं, पोथीचीही आवर्तनं करतात, त्याचं पुण्य जास्तच असतं. जरा बरं वाटलं. फार नाही.

११ एप्रिल

समाप्ती झाली. बुडालेले दिवस भरून काढायला आज दोन बैठका, चौपन्न पानं. शेवटच्या पानांवर नुसत्या नावांची यादी होती, तीही वाचून घेतली. अर्धवट सोडलेलं फळत नाही.

पुस्तक देवापुढे ठेवलं, लेकीला नमस्कार करायला लावला. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला. मीही.

विचारलं, काय वाटतंय? म्हणाली, झोप येतेय.

१२ एप्रिल

परीक्षा. मी बरोबर गेले. बाहेर बाकावर पालक. बॉबिन आधी आत गेली. चार-दोन ठिकाणी अडखळली ते बाहेरून ऐकू आलं. मग आतून हसण्याचे आवाज. दोन मिनिटांचं भाषण सात मिनिटं चाललं. बाहेर आली ती सांगत, अगं, त्या परीक्षकबाई विचारतात, मग तिला नोकरीवर पक्की केली का? मी सांगितलं, तुम्हीच वाचा.

मग लेक. आवाज खणखणीत. न थांबता, न अडखळता, नळ सोडल्यासारखी. बाकावर एक गृहस्थ होते, त्यांना म्हटलं, माझी आहे ती. ते म्हणाले, वा. मी म्हटलं, दोन महिने रोज एक तास.

मग आत एकदम शांत. घड्याळ समोरच होतं. चार मिनिटं शांत. पुन्हा तेच पान, पहिल्यापासून, तितकंच खणखणीत. पुन्हा शांत.

लेक बाहेर आली. वाटेत सगळं काढून घेतलं तेव्हा बोलली. पानात काय लिहिलंय विचारलं, तिला काही सांगता आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचायला दिलं. पुन्हा काही नाही. म्हणाली, तोंड वाचत होतं आई, मी नव्हते तिथे.

जहाजावरचं भाषण न चुकता म्हटलं. परीक्षकांनी विचारलं, यातलं तुला काय आवडलं? हिने सांगितलं, संपलं ते.

एवढं बोलून चालत राहिली. मी म्हटलं, उच्चार तरी स्पष्ट होते. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

१९ एप्रिल

निकाल. बॉबिन पास. आमच्याकडे वाचनाला पैकीच्या पैकी, आकलनाला शून्य.

इंग्रजीच्या बाईंना भेटायला गेलो. जूनच्या अखेरीला एक संधी आहे, ती शेवटची. तेव्हा पास झाली तर अर्ज घेतील. मी म्हटलं, या खेपेला दुप्पट वेळ देते. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, काकू, आता तिचं तिला वाचू द्या. घरच्यांनी मदत करायची नाही. मी म्हटलं, घरचे म्हणजे मीच. हे काही करत नाहीत. बाई म्हणाल्या, हो.

मी लेकीकडे बघितलं. तिने म्हणायला हवं होतं की आईने फार केलं. ती फरशीकडे बघत होती.

घरी येताना रस्ता ओलांडायला थांबलो. गाड्या जात होत्या. लेक समोर बघतच म्हणाली, आई, मला खरंच व्हायचंय गं ते.

मी म्हटलं, माहीत आहे. मग विचार केला, माहीत होतं तर मी दोन महिने कुणाला शिकवत होते?

जहाजाचं पुस्तक वाचनालयात परत केलं. ग्रंथपाल म्हणाले, मुलीला आवडलं का? मी म्हटलं, पूर्ण झालं.

२० एप्रिल

आजपासून नवा नेम. मदत करायची नाही. रोज सकाळी सात ते आठ.

७.०० बसले. लेकीला सांगितलं, तू तुझं वाच, मी मदत करत नाहीये. तिच्या हातात एक बारकं पुस्तक. कुठलं ते विचारलं नाही. नाव वाचायचा प्रयत्न केला, तिने अंगठा ठेवला होता.

७.१० लेक म्हणाली, आई, तू समोर बसलीस की मला वाचता येत नाही. खोलीबाहेर आले, दार लावून घेतलं.

७.१५ आतून आवाज नाही. मनात वाचणाऱ्याचं हेच वाईट, वाचतंय की झोपलंय, बाहेरच्याला कळत नाही.

७.२० आतून लेक म्हणाली, आई, दाराशी पण नको.

७.२५ स्वयंपाकघरात. भांडी घासून झाली होती. पुन्हा घासली. हे म्हणाले, आवाज जरा कमी कर, ती वाचतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भांड्यांवरून बोलले.

७.४० दार उघडलं. लेक पुस्तकात बोट घालून बाहेर आली, चप्पल अडकवली, वर शिंपीणबाईंकडे गेली. अंघोळ झालेली नव्हती. मी टॉवेल परत दोरीवर टाकला. तिथे मशीनचा खडखडाट असतो, त्यात कसं वाचता येतं देव जाणे.

८.०० मदत न करण्याची वेळ संपली. कोणी हाक मारली नाही.